बावन्न किलो झालं हे त्याला कळतं कसं?

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सोलापुरात बारावीचा तास घेणं म्हणजे रिकाम्या बाकांना शिकवणं. आदल्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम झालेलं. सकाळी 72 पैकी 19 जण आले, तेही जांभया देत.

दरवर्षीप्रमाणे फळ्यावर लिहिलं: युरेनियम-235, क्रांतिक वस्तुमान (साखळी आपोआप चालू राहायला लागणारं किमान वस्तुमान) सुमारे 52 किलो. एका विखंडनातून, म्हणजे एक अणुगर्भ फुटला की, सरासरी दोन-अडीच न्यूट्रॉन सुटतात, त्यांतल्या एकानं तरी पुढचा अणुगर्भ फोडला की साखळी चालू राहते. हे वाक्य मी झोपेतही सांगेन.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. हिच्या घरी कडक भाकऱ्या करून विकतात.

"सर, 51 किलोला गप्प बसतंय आणि 52 ला पेटतंय. त्याला कळतं कसं ओ, आपण बावन्न झालो म्हणून?"

वर्ग हसला, मीही हसलो. मग खडू हातातच राहिला. माझ्याकडं उत्तर होतं ते 'न्यूट्रॉन पुरेसे होतात', म्हणजे तिचाच प्रश्न उलटा करून.

रद्दीतले पेपर फाडून बोळे केले, प्रत्येकाला दोन. डोळे मिटून बसायचं, अंगावर बोळा पडला की आपले दोन्ही उडवायचे. पोरं विखरून बसली होती तशीच ठेवली आणि मी पहिला बोळा टाकला. एकाला लागला. त्याचा एक जमिनीवर, दुसरा खिडकीतून थेट पार्किंगमध्ये. संपलं. पुन्हा केलं, तिघांपर्यंत जाऊन विझलं.

मग चार बाक जोडून एकोणीसही जणांना दाटीवाटीनं बसवलं. आता मात्र दोन सेकंद नुसती खसखस आणि मग एकदम गारांचा पाऊस! पंखा बंद करायचं सुचलं नव्हतं, त्यानं आणखी भर घातली. शेवटी सात जणांना उठवून भोवती दप्तरं आडवी धरायला लावली. बाहेर जाणारे बोळे आपटून परत आत येऊ लागले, आणि बाराच जणांत साखळी धडाधड चालली.

"म्हणजे उंडा आणि भाकरी की सर," ती म्हणाली. "पीठ तेवढंच. थापलं की सगळं बाहेर पळतंय."

तेच! 52 किलो हा आकडा उघड्या गोळ्याचा. तो गोळा जेमतेम 17 सेंटिमीटर व्यासाचा, लहानशा कलिंगडाएवढा. तेवढंच युरेनियम पातळ थापलं, तर न्यूट्रॉन दुसरा अणुगर्भ गाठायच्या आधीच पृष्ठभागातून निसटतात. गोळा मोठा होत गेला की आतलं आकारमान पृष्ठभागापेक्षा वेगानं वाढतं, निसटणाऱ्यांचं प्रमाण घटतं. अणूला वजनाचं काही कळत नाही.

आणि दप्तरं? त्यासाठी मी लुई स्लोटिन या भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. 21 मे 1946, लॉस अलामॉस, अमेरिकेची अणुबॉम्बची प्रयोगशाळा. प्लुटोनियमचा 6.2 किलोचा गोळा, भोवती बेरिलियमच्या दोन वाट्या, दप्तरांसारख्याच न्यूट्रॉन परत आत धाडणाऱ्या. वरची वाटी पूर्ण बसू नये म्हणून त्यानं फटीत स्क्रू-ड्रायव्हर धरला होता. तो सटकला, वाटी बसली, निळा झोत चमकला. स्लोटिननं लगेच वाटी उडवून लावली, पण अंगात भिनलेल्या किरणोत्सर्गानं नऊ दिवसांनी तो गेला. गोळ्याचं वजन एका ग्रॅमनंही वाढलं नव्हतं. झाकण बसलं, एवढंच.

दप्तर धरलेल्या एकानं ते हळूच खाली ठेवलं.

आमच्या खेळात एक खोट आहे, पोरं एकोणीसच, गोळ्यातले अणू मात्र अगणित. पण तेवढं चालवून घेतलं. शिपाईमामांनी मात्र चालवून घेतलं नाही. झाडू माझ्याच हातात दिला. बाकांखाली बोळे वेचता वेचता ती विचारत होती, "मग सर, हे साठवतात तरी कसं? एकाच कपाटात दोन उंडे शेजारी ठेवले तर?"

"लांब लांब ठेवतात," मी म्हणालो, आणि पार्किंगमधला बोळा आणायला खाली गेलो.