उसना साचा आणि देशाची ओळख

चित्रपटाचा अभ्यास जॉनर (म्हणजे चित्रपटाचा प्रकार), राष्ट्रीय अस्मिता आणि सांस्कृतिक संदर्भ या अंगांनी करावा, असे आपण वाचतो आणि बहुतेक वेळा ही अंगे वेगवेगळ्या प्रकरणांत शिकतो. माझ्या मते ती एकमेकांपासून सोडवली की निकामी होतात. नुसता जॉनर घेतला तर घोडा, बंदूक, वाळवंट अशी घटकांची यादी हाती उरते, आणि नुसते राष्ट्र घेतले तर ‘जपानी मन’ किंवा ‘जर्मन वृत्ती’ यांसारखी ऐकायला भारदस्त पण तपासता न येणारी विधाने सुरू होतात. म्हणून मी शक्यतो असे चित्रपट निवडतो ज्यांत एका देशाचा जॉनर दुसऱ्या देशाने उचललेला आहे. उसन्या साच्यात काय ठेवले, काय गाळले आणि ते कोणाच्या सांगण्यावरून गाळले, हे पाहताना ही सारी अंगे एकाच जागी भेटतात.

यासाठी वेस्टर्न, म्हणजे पश्चिम अमेरिकेतल्या घोडेस्वार-बंदूकधाऱ्यांच्या कथांचा प्रकार, याच्याइतका सोयीचा जॉनर दुसरा नाही. तो अमेरिकेचा सर्वांत ‘स्वतःचा’ जॉनर मानला जातो, पण त्याचा आरंभ म्हणून ज्याचे नाव घेतात तो ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा १९०३ चा चित्रपट प्रामुख्याने पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू जर्सीत चित्रित झाला होता. पुढे दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी ‘स्टेजकोच’ (१९३९) आणि त्यानंतरचे चित्रपट मॉन्युमेंट व्हॅलीत नेले आणि तिथले तांबडे सुळके म्हणजेच पश्चिम अमेरिका, असे समीकरण प्रेक्षकांच्या मनात पक्के झाले. राष्ट्राची ओळख सांगणारा भूभागसुद्धा निवडलेला, कॅमेऱ्यासमोर उभा केलेला असतो, ही गोष्ट अमेरिकी वेस्टर्न पाहतानाच ध्यानात घ्यावी लागते. मग इतर देशांची नक्कल ‘खोटी’ आणि मूळ मात्र ‘खरे’ असा भेद करण्याचा मोह आवरतो.

चित्रपट-अभ्यासक रिक ऑल्टमन यांनी १९८४ मध्ये मांडलेला एक भेद इथे फार उपयोगी पडतो. जॉनरकडे घटकांच्या अंगाने पाहता येते, म्हणजे पात्रे, वेशभूषा, स्थळे, शस्त्रे. आणि रचनेच्या अंगानेही पाहता येते, म्हणजे त्या घटकांमधले नाते आणि त्यातून निघणारा अर्थ. देशांतर होताना घटक सहसा जसेच्या तसे पोहोचतात, रचना मात्र वाटेत बदलते.

दोन जर्मनींचे उदाहरण याबाबतीत मला सर्वांत बोलके वाटते. कार्ल माय या जर्मन लेखकाने अपाची या मूळ अमेरिकी जमातीतला योद्धा विनेटू आणि त्याचा गोरा जर्मन मित्र ओल्ड शॅटरहँड यांच्या कथा लिहिल्या, त्याही अमेरिकेत पाऊल ठेवण्यापूर्वी. तो तिथे गेला थेट १९०८ मध्ये, आणि तेव्हाही पश्चिमेकडच्या त्या प्रदेशापर्यंत पोहोचला नाही. १९६२ मध्ये पश्चिम जर्मनीत या कथांवरचा ‘द ट्रेझर ऑफ द सिल्व्हर लेक’ आला आणि तशा चित्रपटांची रांग लागली. विनेटूच्या भूमिकेत फ्रेंच नट पिएर ब्रीस, शॅटरहँडच्या भूमिकेत अमेरिकी नट लेक्स बार्कर, आणि रॉकी पर्वताच्या जागी युगोस्लाव्हियातले डोंगर नि तळी. उदात्त इंडियन (म्हणजे मूळ अमेरिकी रहिवासी) आणि त्याचा रक्ताच्या शपथेने बांधलेला जर्मन मित्र ही जोडी युद्धानंतर अवघ्या सतरा वर्षांनी पडद्यावर येते आणि तुफान चालते. यात त्या काळच्या पश्चिम जर्मन प्रेक्षकाला निरपराध, सज्जन जर्मन नायक पाहण्याची सोय होती, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे आणि ते मला पटते.

पूर्व जर्मनीच्या डेफा या सरकारी चित्रसंस्थेने त्यावर १९६६ मध्ये ‘द सन्स ऑफ ग्रेट बेअर’ने उत्तर दिले. चित्रीकरणाचा प्रदेश पुन्हा युगोस्लाव्हियाच, आणि नायक गोइको मितिच हाही तिथलाच, पश्चिम जर्मनीच्या त्या चित्रपटांत आधी छोटी कामे केलेला. घोडे, पिसांचे मुकुट, दऱ्या, पाठलाग हे सारे जागच्या जागी होते. बदलले ते नाते. इथे कथा इंडियनांच्या बाजूने सांगितली जाते, गोऱ्या मित्राची मध्यस्थी लागत नाही आणि खलनायक म्हणजे जमीन व सोने बळकावणारे वसाहतवाले आणि त्यांचे सैन्य. भांडवलशाहीवरचा आरोप मांडायला अमेरिकेचाच आवडता जॉनर वापरण्यात आला. आता या दोन मालिका शेजारी ठेवून ‘जर्मन मनाला इंडियनांचे आकर्षण का?’ एवढाच प्रश्न विचारला तर निम्मी माहिती वाया जाते. भाषा एक, वाचलेली पुस्तके बरीचशी एक, डोंगरसुद्धा तेच. फरक पडला तो राज्यव्यवस्थेमुळे, पैशाच्या उगमामुळे आणि ज्या प्रेक्षकाशी बोलायचे होते त्याच्यामुळे.

अर्थात डेफाच्या चित्रपटांना सरळ पुरोगामी म्हणून मोकळे होणेही घाईचे ठरेल. तिथेही मूळ अमेरिकी रहिवाशांच्या भूमिका प्रामुख्याने युरोपीय नटच करत होते आणि त्यांच्या दुःखाचा उपयोग शीतयुद्धातल्या युक्तिवादासाठी होत होता. सोव्हिएत संघाच्या ‘व्हाइट सन ऑफ द डेझर्ट’ (१९७०) या लोकप्रिय चित्रपटाबाबत तर ही अडचण अधिकच जाणवते. यादवी युद्धानंतर घरी निघालेला लाल सेनेचा शिपाई मध्य आशियाच्या वाळवंटात एका सरदाराच्या जनानखान्यातल्या स्त्रियांचे रक्षण करतो. चित्रपट खुसखुशीत आहे, अंतराळवीर उड्डाणापूर्वी तो पाहतात ही परंपराही प्रसिद्ध आहे. पण मागासलेल्या सीमेवर बाहेरून आलेला माणूस सुव्यवस्था आणतो, ही रचना वेस्टर्नकडून जवळजवळ न बदलता आली आहे. विचारसरणी उलट असूनही रचना टिकली, याचे कारण रशियाच्या मध्य आशियाशी असलेल्या जुन्या नात्यात शोधावे लागते.

उसनवारीची सर्वांत लांब साखळी जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांभोवती आहे. जॉन फोर्ड यांचे चाहते असलेल्या कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’वरून (१९५४) अमेरिकेत ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) झाला आणि ‘योजिम्बो’वरून (१९६१) सर्जिओ लिओने यांनी ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) केला, ज्याबद्दल जपानी निर्मात्यांनी हक्क सांगितला आणि अखेर तडजोड होऊन त्यांना उत्पन्नाचा वाटा मिळाला. या शेवटच्या चित्रपटाचे राष्ट्रीयत्व कोणते? कथा जपानी, दिग्दर्शक इटालियन, नायक अमेरिकी, बाहेरच्या दृश्यांसाठी स्पेन, निर्मितीत इटली, स्पेन आणि पश्चिम जर्मनी यांचा पैसा. सूचीत ‘देश’ या रकान्यात काही ना काही लिहावेच लागते, पण तो रकाना भरणाऱ्याने त्यावर फार विसंबू नये. मला विचाराल तर या चित्रपटातले इटालियनपण निर्मितीच्या कागदपत्रांपेक्षा त्याच्या चेष्टेखोर नजरेत अधिक आहे: दोन टोळ्यांत वाटलेले गाव, सतत वाजणारी घंटा, शवपेट्यांचा तेजीतला धंदा, आणि कायद्याकडून कोणाचीही कसलीच अपेक्षा नसणे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर शासनाचा हात पाहिल्याशिवाय जॉनरचा इतिहास पुरा होत नाही. ऑस्ट्रेलियात १९०६ मध्ये ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ हा तासाभराहून लांब चित्रपट झाला; कथाप्रधान पूर्ण लांबीचा जगातला पहिला चित्रपट म्हणून त्याचे नाव घेतात. तिथल्या रानातल्या दरोडेखोरांवरचे, म्हणजे बुशरेंजरांवरचे चित्रपट इतके चालू लागले की १९११ आणि १९१२ मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांनी त्यांवर बंदी घातली, कारण त्यांत पोलिसांची नाचक्की होत होती. एक भरात आलेला देशी जॉनर अशा रीतीने मुळापासून खुडला गेला. नंतरच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटांत तो का दिसत नाही, याचे उत्तर लोकस्वभावात शोधणारा अभ्यासक सपशेल फसेल. ‘शोले’च्या (१९७५) शेवटाचेही तसेच आहे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो; सेन्सॉरने तो अडवला आणि पोलीस ऐन वेळी येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट पडद्यावर आला. तो आणीबाणीचा काळ होता. सूडाची कथा कायद्याच्या विजयात संपते याला भारतीय संस्कृतीतले संयमाचे मूल्य म्हणणे सोपे आहे, पण तसा शेवट दिग्दर्शकाने लिहिलाच नव्हता.

राष्ट्राचे मन चित्रपटांतून वाचण्याची रीत जर्मन समीक्षक झीगफ्रीड क्राकाउअर यांच्या १९४७ च्या ग्रंथाने प्रतिष्ठित केली. नाझी राजवटीआधीच्या जर्मन चित्रपटांत त्यांना हुकूमशहाची चाहूल दिसली. ग्रंथ विलक्षण आहे आणि आजही वाचावा असा आहे, परंतु शेवट ठाऊक असताना मागे वळून पुरावे वेचण्याचा दोष त्यात उघड आहे. त्याच प्रेक्षकांनी त्या वर्षांत चवीने पाहिलेले विनोदी आणि अमेरिकी चित्रपट त्या युक्तिवादात फारसे बसत नाहीत. अभ्यासक अँड्र्यू हिग्सन यांनी १९८९ मध्ये नेमके हेच बजावले की, देशाचा चित्रपट म्हणजे त्या देशात बनलेला चित्रपट एवढेच धरू नये, तिथले लोक प्रत्यक्षात काय पाहतात हेही धरावे. दक्षिण कोरियाने चित्रपटगृहांत देशी चित्रपटांसाठी राखलेले वर्षातले १४६ दिवस २००६ मध्ये ७३ वर आणले, तेव्हा झालेला वाद याच प्रश्नावर होता.

आणि कोणती प्रत पाहिली, हा सर्वांत प्राथमिक प्रश्न अनेकदा विसरला जातो. १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख ‘लकी ड्रॅगन ५’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि तिच्यावरचे तेवीस जण बाधित झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेला ‘गोजिरा’ हा जपानी राक्षसपट एका बोटीवरच्या अशाच लखलखाटाने सुरू होतो. १९५६ मध्ये अमेरिकेत तो ‘गॉडझिला’ म्हणून दाखवला गेला तेव्हा त्यात रेमंड बर हा नट वार्ताहर म्हणून नव्याने चित्रित करून बसवण्यात आला, आणि आगगाडीत एक तरुणी आपण नागासाकीतून वाचल्याचे बोलते तो प्रसंग कापण्यात आला. राक्षस दोन्हीकडे तोच आहे, शहरही त्याच क्रमाने पडते, पण एका देशातला शोकपट दुसऱ्या देशात निव्वळ थरारपट झाला. मूळ प्रत अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी रीतसर लागली ती २००४ मध्ये. त्यामुळे मधल्या काळातले या जॉनरवरचे इंग्रजी लेखन हाती आले की, त्यातल्या मतांकडे वळण्याआधी लेखकासमोर नागासाकीचा तो संवाद होता की नव्हता, हे मी शोधतो.