नको असलेले ब्रेकपॉइंट मी पुसत का नाही, हे तुम्ही विचारलेत म्हणून

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या कार्यालयात माझ्या संगणकासमोर थोडा वेळ जरी कोणी बसले, तरी एक प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, एवढे ब्रेकपॉइंट कशाला ठेवलेत? नको असलेले पुसून टाका की.’ ब्रेकपॉइंट म्हणजे चालता प्रोग्राम जिथे थांबवून तपासायचा, त्या ओळीशेजारी लावलेला लाल ठिपका. विचारताना हात माऊसवर असतो, म्हणून एकदाचे सविस्तर उत्तर देतो.

प्रोग्राम भलत्याच ठिकाणी थांबला की दोष माझ्या लाल ठिपक्यांना दिला जातो. पण त्याला थांबवणारा ठिपका बहुधा मी लावलेलाच नसतो. इंटेलिजेमध्ये, म्हणजे आम्ही कोड लिहितो त्या सॉफ्टवेअरमध्ये, कंट्रोल-शिफ्ट-एफ८ दाबल्यावर जी यादी उघडते, तिच्यात ‘एनी एक्सेप्शन’समोर खूण राहून गेली असेल, तर एखाद्या लायब्ररीने (दुसऱ्यांच्या तयार कोडने) स्वतःच पकडून निस्तरलेल्या एक्सेप्शनवरही, म्हणजे चालताना उद्भवलेल्या चुकीवरही, डीबगर (चुका शोधायचे साधन) अडतो, आणि आपण न लिहिलेल्या कोडमध्ये जाऊन पडतो. तेवढी एक खूण काढावी, आणि घाई असेल तर सगळे ठिपके तात्पुरते गप्प करणारे ‘म्यूट ब्रेकपॉइंट्स’ दाबावे.

ज्या प्रसंगामुळे मी याबाबत हट्टी झालो, तो जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा आहे. गळीत हंगाम भरात होता, काट्यासमोर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असे, आणि मधूनच एखाद्या ट्रॉलीचे रिकामे वजन शून्य नोंदले जाई, म्हणजे ट्रॉलीचे लोखंडही ऊस म्हणून मोजले जाई. मला संशय असा होता की काट्याचा वजन दाखवणारा इंडिकेटर सीरियल पोर्टवरून सतत आकडे पाठवत असताना आमचा प्रोग्राम कधी कधी अर्धीच ओळ वाचतो, आणि पूर्ण आकड्याऐवजी हाती नुसती ‘००’ येते. येथे साधा ब्रेकपॉइंट निरुपयोगी होता, कारण प्रोग्राम थांबेपर्यंत उरलेली ओळ बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, येऊन बसे आणि दोष नाहीसा होई. म्हणून मी ‘सस्पेंड’ची, म्हणजे थांबवण्याची, खूण काढून, ओळीची लांबी तपासणाऱ्या अटी घालून, न थांबता केवळ नोंद करणारे ब्रेकपॉइंट जागोजागी लावले होते. त्या अटी मी घरी जेवतानासुद्धा जुळवत असे.

एका सकाळी आमच्याकडे शिकायला आलेल्या खानापूरच्या मुलाने यादीतले सगळे निवडून वजा चिन्ह दाबले. ‘सर, सारखं थांबायलंय म्हणून सगळे काढलो,’ तो अगदी सरळपणे म्हणाला. थांबवत होते ते ‘एनी एक्सेप्शन’. गेल्या त्या माझ्या अटी. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमधून त्या परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ब्रेकपॉइंट ‘वर्कस्पेस डॉट एक्सएमएल’मध्ये राहतात आणि ती फाइल आम्ही गिटमध्ये ठेवत नाही. मी त्याला रागावलो नाही, असे मी पुष्कळांना सांगितले आहे. ते खरे नाही. अटी पुन्हा आठवून लिहीपर्यंत हंगाम सरत आला होता, आणि संशय खरा ठरला तेव्हा काट्यावर वाहनेच उरली नव्हती.

याच विषयावर पूर्वीचा मी तुमच्याच बाजूने बोलत असे : ब्रेकपॉइंट म्हणजे पेन्सिलीची खूण, काम झाले की खोडावी. त्याचे म्हणणे मला आजही पुरते खोडता येत नाही. कोड बदलल्यावर जुने ठिपके भलत्या ओळींवर सरकतात. मेथडवर, म्हणजे कोडच्या एका नाव दिलेल्या तुकड्यावर, लावलेला एखादा विसरला तर अख्खा प्रोग्राम रखडतो. आणि म्यूट केल्याचे ध्यानात राहिले नाही, तर प्रोग्राम त्या ओळीवर पोहोचतच नाही अशी समजूत होऊन दुपार वाया जाते.

तरीही अट घातलेला ब्रेकपॉइंट मी पुसणार नाही, गट करून निष्क्रिय ठेवीन. डाव्या क्लिकने ठिपका जाऊ नये म्हणून तो ओढून किंवा माऊसच्या मधल्या बटणानेच काढता येईल अशी सेटिंग मी केली आहे. यादीतल्या वजा चिन्हावर तिचा काही इलाज चालत नाही. साधे ठिपके किती दिवस ठेवावेत, यावर माझे माझ्याशीच अजून पटलेले नाही. तुमच्या संगणकावरचे तुम्ही खुशाल पुसा.