चाळिशीच्या ढिगाखालची खाच

लोकसंख्या भूगोल शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली, पण एका विद्यार्थिनीवर घेतलेला संशय अजून मनातून जात नाही.

पीएचडीसाठी तिनं एका गावाचं घरोघरी सर्वेक्षण केलं होतं. प्रश्नावल्या हाती आल्यावर सवयीनं मी व्हिपल निर्देशांक काढला, म्हणजे लोकांनी वयं किती गोल करून सांगितली हे मोजणारा आकडा. जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसं 'चाळीस असेल', 'पन्नास धरा' असं सांगतात आणि 0 किंवा 5 नं संपणाऱ्या वयांवर ढीग लागतात. 23 ते 62 या वयोगटात अशा वयांची माणसं साधारण एक पंचमांश असायला हवीत. तेवढीच असली तर निर्देशांक 100 येतो, सगळ्यांनीच गोल वय सांगितलं तर 500. जन्मनोंदी धड नसलेल्या त्या गावात तिचा निर्देशांक 100 च्या अगदी जवळ होता. खोलीत बसून आकडे भरले असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "सर, एकदा माझ्याबरोबर चला."

गावात तिनं एक वही काढली. पूर कधी आला, पूल कधी झाला, शाळा कधी भरली, कोणती दोन वर्षं पाऊस पडला नाही, अशी गावाचीच दिनदर्शिका तिनं आधी तयार केली होती.

"आजी, वय किती?"

"असेल साठ."

तिनं साठ लिहिलं नाही. "पूल झाला तेव्हा थोरली केवढी होती?"

"रांगत होती."

"आणि लग्न पुराच्या आधीचं की नंतरचं?"

असं विचारत विचारत साठाचे सत्तावन्न झाले. एका वयाला वीस मिनिटं! मी आयुष्यभर क्षेत्रकार्य केलं, पण एवढा धीर धरला नव्हता.

संध्याकाळी आम्ही एकेका वर्षाचा लोकसंख्या मनोरा, म्हणजे कोणत्या वयाची किती माणसं हे दाखवणारा आलेख, काढला. नेहमीचे पाच-पाच वर्षांचे गट केले असते तर काहीच दिसलं नसतं. इथे 41 आणि 42 वर सरळ खाच पडली होती. एरवी तिच्या शेजारच्या चाळिशीच्या ढिगानं ती बुजून गेली असती. एका गावाच्या आकड्यांत योगायोगही असू शकतो, म्हणून आम्ही परत आजींकडे गेलो.

"ती कोरडी वर्षं," त्या म्हणाल्या. "तेव्हाची तान्ही पोरं घेऊन माणसं गेली. परत नाही आली."

"कुठे गेली?"

"लांब नाही. पलीकडच्या बाजाराच्या गावाला."

बहुतेक स्थलांतरित थोड्याच अंतरावर जातात, हे भूगोलतज्ज्ञ रॅव्हनस्टाइननं 1885 मध्ये मांडलं होतं. दरवर्षी ते मी फळ्यावर लिहीत आलो. ती गेलेली माणसं कोण, हे मात्र कधी कोणाच्या अंगणात बसून विचारलं नव्हतं.

परतताना मी तिची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बाजाराच्या गावाला निघालो, 41 आणि 42 वर्षांची माणसं शोधायला.