रात्री कान काढल्यावर

मनू परवा सहज म्हणाली, "आई तुझं बरंय, रात्री ते काढून ठेवलंस की एकदम शांत. मला तर कोणी नुसतं दार लावलं तरी जाग येते." आणि मी म्हटलं, "हो ना, एकदम शांत."

झालं, एवढंच. ती लगेच मोबाईलमधे गेली, तिला आता आठवतही नसेल. मी मात्र दोन दिवस त्या "हो ना"वरच अडकून बसलेय.

कारण शांत नसतंच. मला कॉक्लियर इम्प्लांट आहे: ऑपरेशन करून आतल्या कानात बसवलेले इलेक्ट्रोड्स, आणि बाहेरून कानामागे लावायचा, आवाज टिपून आत पाठवणारा प्रोसेसर. तो काढला की मला बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. रात्री प्रोसेसरची डोक्याला चुंबकाने चिकटणारी कॉइल काढली की मॅग्नेट सुटल्याचा टक् कातडीला जाणवतो आणि सगळं घर बंद होतं. बॅटरी चार्जिंगला, प्रोसेसर ड्राय बॉक्समधे, झाकण लावायचं, उशीवर डोकं टेकायचं. पहिली दोन-तीन मिनिटं खरंच काही नसतं. मग उजवीकडे आधी एक बारीक शिट्टी येते, अगदी लांबून. मग तिच्याखाली जुन्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो तशी घरघर. दिवस दगदगीचा गेला असेल तर त्यावर रातकिडे, शेकड्यांनी. ऑपरेशनच्या आधी हे दिवसभर चालायचं, तेव्हा मी रडायचे पण निदान सगळ्यांना माहीत तरी होतं. आता दिवसा प्रोसेसर लावला की विरून जातं, म्हणून सगळ्यांनी धरूनच चाललंय की गेलं. मीच तसं धरू दिलंय.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, इम्प्लांटनंतर बऱ्याच जणांचा हा कानातला आवाज कमी होतो, काहींचा आहे तसाच राहतो, थोड्यांचा वाढतो किंवा आधी नसलेला नव्याने सुरू होतो. मी पहिल्यांमधली, म्हणजे नशीबवानच. कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की मेंदूकडे आवाज पोचत नाही, मग मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवत बसतो आणि त्या वाढवण्यातूनच हे काहीतरी ऐकू यायला लागतं असं मानतात. दिवसा माझ्या 22 इलेक्ट्रोड्समधून त्याला खरा आवाज मिळतो, तो गप्प बसतो. रात्री मी तो काढून घेते, तो पुन्हा शोधायला लागतो. हे समजल्यापासून मला त्याचा राग येत नाही पूर्वीसारखा. पण झोपही येत नाही.

आणि टिनिटसवाल्यांना, म्हणजे बाहेर काही नसताना कानात आवाज येणाऱ्यांना, सगळीकडे मिळणारा तो एक सल्ला, रात्री पंखा चालू ठेवा, पावसाचा आवाज लावा, एकदम शांततेत झोपू नका. बरोबर आहे सल्ला. पण प्रोसेसर काढल्यावर मला पंखा कुठून ऐकू येणार? ऑडिओलॉजिस्ट म्हणाली होती, झोप लागेपर्यंत लावून ठेवून बघा. बघितलं. कूस बदलली की कॉइल सुटते, ती चाचपडत शोधायची, कानामागे रुततं, आणि मधेच कोणी खोकलं की दचकून जाग. आठ दिवसांत सोडून दिलं.

मागच्या मॅपिंगला, म्हणजे प्रोसेसरची सेटिंग्ज जुळवून घ्यायला गेले तेव्हा, दोन फॉर्म भरले. एक मोठा, नेदरलँडमधल्या नायमेखेनला बनवलेला, 60 प्रश्नांचा. साधे आवाज ऐकू येतात का, बोलणं कळतं का, स्वतःचा आवाज सांभाळता येतो का, लोकांत मिसळता का, आत्मविश्वास आहे का. मी भरभर भरला, उत्तरं चांगली होती आणि खरी होती. मला फोनवर बोलता येतं आता, दादाशी मी अर्धा तास बोलले मागच्या महिन्यात (काय बोललो ते असो). पण त्या साठांत कानातल्या आवाजासाठी वेगळा भागच नाही. त्याचा फॉर्म दुसरा, 25 प्रश्नांचा. हो म्हटलं की 4, कधीकधीचे 2, नाही म्हटलं की 0. माझे 34 झाले. 36 पर्यंत सौम्य.

सौम्य. रात्री दोन वाजता तो शब्द आठवला आणि मला इतकं एकटं वाटलं की उठून मुद्दाम दिवा लावून बसले. कोणाला उठवून सांगायचं तरी काय, जे खोलीत नाहीच ते?

पण खरं लिहायचं तर आवाजापेक्षा तो "हो ना"च जास्त टोचतोय. पोरगी माझ्यासाठी खूश होती. तिने माझी शांतता किती छान असेल अशी कल्पना केली होती, आणि मला ती मोडवेना. की मलाच वाटलं, एवढं ऑपरेशन, एवढी सगळ्यांची धावपळ, आणि वर मी अजून तक्रार करायची? ते ऐकू यायला लागल्याच्या पहिल्या दिवशी ती कशी रडली होती... जाऊदे.

आज रात्री शेवटी सांगितलं. प्रोसेसर काढायच्या आधीच सांगितलं, तिचं उत्तर ऐकू यावं म्हणून. ती म्हणाली, "अगं पण कसला आवाज? म्हणजे केवढा बारीक?" आणि मोबाईलवर एक अ‍ॅप शोधलं, सूर वर-खाली करता येतो असलं. म्हणे मी वाढवत नेते, तुझ्यासारखा आला की थांब म्हण.

मी प्रोसेसर काढला, दोन-तीन मिनिटांनी शिट्टी आली. मी मान हलवली. तिने मोबाईल माझ्या कानाशी धरला, मला अर्थातच काही ऐकू येईना. प्रोसेसर लावला, मोबाईलचा सूर आला, पण तेवढ्यात माझी शिट्टी मागे सरकली, जुळवायची कशाशी? पुन्हा काढला. पुन्हा लावला. चार वेळा केलं असं. मनू कपाळाला आठ्या घालून एकदा माझ्याकडे, एकदा मोबाईलकडे बघत होती, लहानपणी गणित सुटलं नाही की बसायची तशी. मग एकदम म्हणाली, "म्हणजे तुला दोन्ही एकत्र कधीच ऐकू येत नाहीत?"

नाही, म्हटलं. एक तर तुम्ही सगळे, नाहीतर तो.

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, उद्या तू तो सूर गाऊन दाखव, मी रेकॉर्ड करते. आता तिने दार ओढून घेतलंय, प्रोसेसर डब्यात आहे, मी हे टाइप करतेय आणि उजवीकडची शिट्टी चालू आहे. तोंडातल्या तोंडात त्या शिट्टीबरोबर गाऊन बघतेय, सूर लागतोय की नाही ते मला कळायचा मार्ग नाही. ते उद्या मनूलाच विचारीन.