अपग्रेडच्या रात्रीचा दोनचा जॉब

धोपावे-दाभोळ फेरी थोडा वेळ थांबली की जेट्टीवर गाड्यांची रांग लागते. फेरी सुरू झाली म्हणून सगळ्या एकदम सुटत नाहीत. नंबर येईल तशी गाडी चढते. सेल्सफोर्स म्हणजे कंपन्या ग्राहकांच्या आणि विक्रीच्या नोंदी ठेवतात ती ऑनलाइन सर्व्हिस. तिच्या अपग्रेडमध्ये शेड्यूल्ड जॉबचं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाचं, असंच असतं. सर्व्हिस बंद असते त्या वेळात, म्हणजे डाउनटाइममध्ये, येणारा जॉब बुडत नाही, सर्व्हिस परत आली की रांगेत उभा राहतो. मोठ्या अपग्रेडनंतर उशीर जास्त.

मला धडकी भरवली ती दुसऱ्या नियमाने. जॉब चालू असताना डाउनटाइम आला तर केलेलं काम रोलबॅक होतं, म्हणजे पुसलं जाऊन सगळं पहिल्यासारखं होतं, आणि जॉब पुन्हा लागतो. ऑक्टोबरात मी गुहागरला घरीच होतो. बाबा भातकापणीला जायला पहाटे उठले, तेव्हा मी लॅपटॉपसमोर. रात्री दोनचा बिलांचा जॉब मध्येच तुटला होता. आमच्या नोंदी मागे फिरल्या, पण गोदामाच्या सर्व्हरला गेलेले संदेश कोण मागे बोलावणार? तिथे निम्म्या ऑर्डरी दोनदा! चूक माझीच. अपग्रेडची नोटीस यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, होती, 20:30, म्हणजे आपले रात्रीचे 2. साडेपाच तास मी मिळवलेच नव्हते.

"अरे, पावतीवर नंबर नाय घातलास?" बाबांनी विचारलं.

नेमकं तेच. आता प्रत्येक संदेशासोबत ऑर्डरचा नंबर जातो; तोच पुन्हा आला तर गोदामाचा सर्व्हर सोडून देतो. स्प्रिंग, समर, विंटर, वर्षाला 3 रिलीज, म्हणजे मोठे अपग्रेड. त्या रात्री हा जॉब मी पुढे ढकलतो आणि सकाळी शेड्यूल्ड जॉबची यादी उघडून पुढची वेळ स्वतः बघतो.