नॉटिलस : पिंजऱ्यापासून परत समुद्रात सोडेपर्यंत

2023 मध्ये नॉटिलस या शंखात राहणाऱ्या समुद्री जिवाच्या तीन नव्या प्रजातींचं वर्णन प्रसिद्ध झालं. नॉटिलस विटिएन्सिस फिजीची, समोआएन्सिस अमेरिकन समोआची आणि वानुआतुएन्सिस वानुआतूची. म्हाकुलाच्या या लांबच्या नातलगाची प्रजात ठरवायला शंखाचे रंगपट्टे पुरत नाहीत, आतला मऊ जीव आणि डीएनएसुद्धा लागतो. म्हणून तो जिवंत वर आणावा लागतो.

आम्ही पिंजरे प्रवाळखडकाच्या बाहेरच्या उतारावर, साधारण 300 मीटर खोलीवर, संध्याकाळी सोडतो आणि सकाळी ओढतो. आमिष म्हणून कोंबडी किंवा कुप्याची डोकी, तीही बारीक जाळीच्या पिशवीत. नुसती बांधली तर छोटे मासे रात्रीतच फस्त करतात आणि वास संपतो. नॉटिलस वासावरच येतो. दोर 400 मीटर तरी हवा. आखूड पडला तर प्रवाहाच्या ओढीनं दोराच्या वरच्या टोकाचा तरंगता बोया पाण्याखाली जातो किंवा पिंजरा उतारावरून घसरतो. आठशे मीटरच्या आसपास पाण्याच्या दाबानं शंखच चिरडतो, त्यामुळे तळाचा नकाशा आधी नीट बघायचा.

वर आणताना शंख फुटायची भीती नसते. शंखाच्या आतल्या बंद कप्प्यांतल्या वायूचा दाब मुळातच हवेच्या दाबापेक्षा थोडा कमी असतो. घात करते ती उष्णता. पंचवीस अंश सेल्सिअसच्या वरचं पाणी त्याला सोसत नाही, म्हणून गार केलेल्या समुद्राच्या पाण्याची टाकी पिंजरा ओढायच्या आधीच तयार ठेवायची.

मोजण्याआधी तो पूर्ण वाढलेला आहे का, हे बघायचं. शंखाच्या तोंडाची कड जाड आणि काळी झालेली असली पाहिजे. पिल्लाचा आकार प्रौढाशी ताडून पाहिला तर प्रजातींमधला फरक खोटाच निघतो. नर मादीपेक्षा मोठे, आणि पिंजऱ्यात येतात तेही बहुतेक नरच, म्हणून लिंगाची नोंद हवीच. मग शंखाचा व्यास, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि तोंडाभोवतीच्या एका शुंडकाचं (सोंडेसारख्या अवयवाचं) टोक कापून 95 टक्के इथेनॉलमध्ये.

सोडताना सर्वांत जास्त घाई होते, आणि तिथंच जनावर दगावतं. हाताळताना प्रावाराच्या (अंगाभोवतीच्या मऊ आवरणाच्या) पोकळीत हवा शिरते, ती राहिली तर तो खाली जाऊच शकत नाही आणि पृष्ठभागावर तरंगत मरतो. म्हणून पाण्याखालीच हळूहळू फिरवून बुडबुडे काढायचे, आणि पाणबुड्यानं त्याला हातात धरून खडकाच्या उतारापर्यंत न्यायचं. तो स्वतः पाणी फेकत खाली निघाला, की मगच हात सोडायचा.