पावसात अडकलेली लेक

आज पहाटेपासून दादरला पावसाने उसंत दिली नाही आणि एरवी शिवाजी पार्कवर मनसोक्त धावणारी आमची सव्वादोन वर्षांची लेक दिवसभर दोन खोल्यांत अडकली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार या वयात रोज किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल हवी आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासाहून अधिक नसावा. म्हणून मोबाइल सरळ कपाटात ठेवला.

गादी जमिनीवर अंथरून उड्या मारून झाल्या, तरी अकराच वाजले होते. मग सासूबाईंनी बटाट्यांची टोपली पुढे केली. एकेक बटाटा स्वयंपाकघरातून उचलून खिडकीशी बसलेल्या आजीला विकायचा आणि पुन्हा परत आणायचा, हा व्यवहार ती घामाघूम होईपर्यंत चालला. विकत आणलेल्या एकाही खेळण्यात ती इतकी रमलेली मला आठवत नाही. बटाट्याला वजन असते, तो घरंगळतो आणि मुख्य म्हणजे तो मोठ्यांच्या खऱ्या कामातला असतो. दुपार कणकेच्या गोळ्यावर निभावली.

संध्याकाळी सर ओसरली. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या संसर्गजन्य आजाराची, भीती असते, म्हणून रेनकोट घालून आम्ही गच्चीवर गेलो आणि तिथल्या पहिल्याच डबक्यात तिने दोन्ही पायांनी उडी घेतली.